मुलांना ग्रीसची ओळख करून द्यायची तर सुरुवात कुठून करावी? (वय साधारण ७ ते १४)

निंबोणी

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मुलांचा वाचनकट्टा असतो, आम्ही तिघीजणी मिळून चालवतो. यंदाचा विषय मुलांनीच निवडला, ग्रीस. झ्यूस, हर्क्युलिस, मेड्युसा ही नावं गेम आणि कार्टूनमुळे सगळ्यांना पाठ आहेत, पण "अथेन्स खरंच आहे का गं?" असं जेव्हा एका पाचवीतल्या मुलीने विचारलं आणि बाकीच्यांनीही उत्तरासाठी माझ्याकडे बघितलं तेव्हा लक्षात आलं की यांच्यासाठी ग्रीस हा देश नाहीच, ते एक गोष्टीतलं जग आहे. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकते. सुरुवात देवांच्या तक्त्यापासून करू नये. बारा ऑलिम्पियन देव, कोण कशाचा देव, कोण कुणाचा भाऊ, हे पाठ करून घेतलं की मुलं पटपट उत्तरं देतात आणि आपल्याला वाटतं वा, शिकली. शिकलेली काहीच नसतात. एखादी खरी, माणसाच्या हाताने घडवलेली वस्तू घ्यावी आणि तिच्यासमोर मुलांना भरपूर वेळ बसू द्यावं, गोष्ट आपोआप मागून येते.

मी एका मोठ्या कुंभाच्या फोटोचा प्रिंट नेला होता. एक्सेकियस नावाच्या कुंभाराने ख्रि.पू. ५३० च्या आसपास अथेन्समध्ये केलेला, त्यावर त्याने स्वतःचं नाव लिहिलंय, आता तो व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. दोन योद्धे समोरासमोर बसून पटावर वाकून खेळतायत. अंगावर चिलखत, भाले हातातच. डावीकडच्याने शिरस्त्राण काढलेलंही नाही, उजवीकडच्याचं मागे ढालीवर ठेवलंय. मी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हटलं काय काय दिसतं ते सांगा. दहा मिनिटांनी एका मुलाला दिसलं की तोंडासमोर बारीक अक्षरं आहेत. तर ती अक्षरं म्हणजे त्यांचे संवाद! डावीकडचा म्हणतो "चार", उजवीकडचा म्हणतो "तीन". अडीच हजार वर्षांपूर्वीचं कॉमिक म्हणून मुलं नाचलीच. मग प्रश्न सुरू झाले, कोण जिंकलं, चार मोठे की तीन, खेळताना भाले कशाला, हे आहेत कोण. तेव्हा सांगितलं की डावीकडचा अकिलीस, उजवीकडचा अजॅक्स, बाहेर ट्रॉयचं युद्ध चालू आहे आणि या दोघांपैकी एकही जण घरी परत जाणार नाहीये. एकदम शांत झाली सगळी.

आता पुढच्यासाठी तुमची मदत हवी आहे. कुठल्या वयाला काय सांगायचं, हिंसा आणि पळवापळवीच्या गोष्टींचं काय करायचं, आणि गोष्टींच्या पलीकडचा खरा ग्रीस कसा दाखवायचा?

शाळामास्तर

धागा आवडला पण मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे. वस्तू छान, पण तुमच्या कुंभातसुद्धा मुलं अडकली ती गोष्टीमुळेच ना. माझा अनुभव असा की गोष्ट आधी, वस्तू नंतर, आणि गोष्ट म्हणजे ओडिसी, ट्रॉयच्या युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसचं होमरने रचलेलं काव्य. होमरचं दुसरं काव्य इलियड लहानांना जड जातं, एक तर ते दहा वर्षांच्या युद्धातल्या शेवटच्या वर्षातल्या काही आठवड्यांचंच आहे, लाकडी घोडा त्यात नाहीच, मुलं घोड्याची वाट बघत बसतात आणि पुस्तक ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारावर संपतं.

ओडिसीची गंमत अशी की त्यातले पहिले चार सर्ग ओडिसियस दिसतच नाही. दिसतो त्याचा मुलगा, टेलेमॅकस. बाप युद्धावर गेला तेव्हा हा तान्हा होता, आता विशीत आलाय, घरात आईशी लग्न करायला टपलेले शंभरावर लोक फुकट खात बसलेत आणि याला कुणी जुमानत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना हा मुलगा लगेच कळतो, ओडिसियसपेक्षाही आधी. मी वर्गात तिथूनच सुरू करतो. बहुतेक बालआवृत्त्या हे चार सर्ग गाळून थेट एकडोळ्या राक्षसावर उडी मारतात, त्यामुळे त्या गोष्टीतला घराचा धागाच तुटतो.

आणि मोठ्याने वाचा. हे ऐकायचं काव्य आहे. "गुलाबी बोटांची पहाट" ही ओळ पुन्हा पुन्हा येते कारण गाणारा माणूस न लिहिता, त्याच क्षणी ओळी रचत असायचा, अशा तयार ओळी त्याला पुढचा विचार करायला उसंत द्यायच्या. मिल्मन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन असे हजारो ओळी गाणारे निरक्षर गायक रेकॉर्ड केले, त्यावरून होमरचं काव्य कसं घडलं असेल याचा अंदाज आला. ती ओळ आली की माझा सगळा वर्ग एकसुरात म्हणतो, शेवटच्या बाकावरचेसुद्धा.

इलियडमधलं एकच दृश्य मात्र अगदी लहानांनाही सांगा, सहाव्या सर्गातलं. हेक्टर लढाईवर जाण्याआधी बायको-मुलाला भेटतो, बाळाला घ्यायला हात पुढे करतो आणि बाळ त्याच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून रडायला लागतं. आईबाप दोघंही हसतात, तो शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग बाळाला उचलतो. ज्यांच्या घरी धाकटं भावंड आहे ती मुलं याच्यावर खूप बोलतात.

तळ्याकाठी

माझी मुलगी ७ वर्षांची आहे. तिला एका पुस्तकातून झ्यूसचा बाप क्रोनस आपली मुलं गिळतो ती गोष्ट वाचून दाखवली तर रात्री झोपली नाही. मग मी ते पुस्तकच वर ठेवून दिलं. एवढ्या लहान वयात हे सांगायचंच का? आणि देव दर दोन पानांवर कुणालातरी पळवून नेतोय, ते कसं सांगायचं मुलींना? काही पुस्तकांत चक्क "तो तिच्या प्रेमात पडला" असं लिहिलंय, मला ते पटत नाही.

निंबोणी

@तळ्याकाठी, सात वर्षांना इसाप भरपूर झाला हो. तो ग्रीकच आहे आणि मराठी मुलांकडे तो आजकालचा आलेला नाही, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात त्याचं मराठी छापलं गेलंय, म्हणजे मराठीतल्या अगदी पहिल्यावहिल्या छापील पुस्तकांपैकी एक. फक्त एक करा, कोल्हा-द्राक्षं सांगताना इसाप कोण होता तेही सांगा. परंपरा असं सांगते की तो गुलाम होता. ज्याला मालकासमोर तोंड उघडून बोलता येत नाही त्याने प्राण्यांच्या तोंडून बोलायचं, हे सात वर्षांच्या मुलाला छान कळतं.

क्रोनसचं म्हणाल तर बऱ्याच मुलांना ती आवडते कारण सगळी भावंडं शेवटी धडधाकट बाहेर येतात. पण तुमची मुलगी घाबरली तर राहू द्या, घाई काय आहे.

पळवून नेण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. "प्रेमात पडला" असं कधीही सांगू नका. पर्सेफनीची गोष्ट तिच्या आईच्या, म्हणजे धान्याची देवी डीमीटरच्या बाजूने सांगा. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, डीमीटरचं जे जुनं ग्रीक स्तोत्र आहे ना तेच तसं आहे. मुलगी फुलं तोडत असते, जमीन दुभंगते, पाताळाचा देव हेडीस तिला रथात घालून नेतो, ती ओरडते, आणि आई नऊ दिवस हातात मशाली घेऊन अन्नपाण्याशिवाय शोधत फिरते. बाप, म्हणजे झ्यूस, त्या कटात सामील असतो. मग डीमीटर चिडून जमिनीतून दाणाच उगवू देत नाही, माणसं उपाशी मरायला लागतात, देवांनाही नैवेद्य मिळेनासा होतो आणि तेव्हा कुठे झ्यूस वाटाघाटीला येतो. मुलींना यात काय कळायचं ते बरोबर कळतं, वेगळं काही समजवावं लागत नाही.

@शाळामास्तर, टेलेमॅकसचं एकदम मान्य. गोष्ट की वस्तू यावर मी हटणार नाही, पण तुमचं वाचून वाटलं की मोठ्याने वाचणं आमच्याकडे कमी पडतंय, ते सुरू करते.

करवीरकर

वस्तूंचा विषय निघालाच आहे तर सांगतो, खरी वस्तू बघायला व्हॅटिकनला जायची गरज नाही, कोल्हापूरला या. टाऊन हॉल म्युझियममध्ये ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. १९४४-४५ च्या सुमारास इथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पंचगंगेकाठी उत्खनन झालं, त्या भागात सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंमधली ही. मूर्ती एवढीशी, हाताच्या पंजात मावेल अशी. दाढीवाला, उघडा, एक हात उंचावलेला. त्या हातात त्रिशूळ असणार, आता नाही. ती ग्रीसमधून थेट आलेली नाही, रोमन काळातल्या समुद्री व्यापारातून सातवाहनांच्या वेळी इकडे पोचलेली आहे, पण देव ग्रीकच. मी माझ्या पुतण्यांना नेलं होतं, धाकट्याचा पहिला प्रश्न "काका कोल्हापुरात समुद्र कुठाय". यावर आमची घरी येईपर्यंत चर्चा, की समुद्राचा देव घाट चढून आला कसा, कुणी आणला, विकायला की पूजेला. उत्तर कुणाकडेच नाही, पण मुलं दोन तास त्यावर बोलत होती.

लेणीवेडा

करवीरकरांना अनुमोदन. घाट चढून कसा आला याचं थोडं उत्तर देता येतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक बोलणाऱ्या खलाशाने, त्याचं नाव माहीत नाही, तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे, पेरिप्लस म्हणतात त्याला. त्यात कल्याण आहे, सोपारा आहे, चौल आहे, आणि आतल्या भागातलं पैठण आणि तगर म्हणजे आजचं तेर पण आहे. मुलांना नकाशा द्या आणि ही गावं शोधायला लावा. कल्याणला राहणाऱ्या मुलाला आपलं गाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक मजकुरात आहे म्हटल्यावर काय वाटत असेल!

दुसरं, कार्ल्याचं चैत्यगृह. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरली आहेत आणि त्यात धेनुकाकटच्या यवनांची (हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा) नावं बरीच आहेत, एक खांब सिहधय नावाच्या यवनाचा. नाशिकला पांडवलेण्यांत १७ नंबरचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने, म्हणजे यवनानेच, कोरवलंय, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, बापाचं नाव धम्मदेव. नावं सगळी भारतीय. म्हणजे ग्रीसहून बोटीने उतरलेले गोरे लोक असं काही मुलांना सांगू नका, यातले कित्येक पिढ्यानपिढ्या इकडेच राहिलेले, बौद्ध धर्माला दान देणारे लोक आहेत, आणि त्या काळी यवन हा शब्द नुसत्या ग्रीकांपुरता राहिला होता का यावरही अभ्यासकांत वाद आहे. तसंच सांगा, मुलांना वाद आवडतात.

आणि नाणी! १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० च्या वर नाणी, क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक अक्षरांत लिहिलेलं नाव मात्र नहपानाचंच. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवल्यावर यातल्या बहुतेक नाण्यांवर आपला ठसा मारला, त्याचे ठसे राजाच्या चेहऱ्यावरच बसलेत. अल्फा बीटा थीटा पाय ही अक्षरं मुलांना गणितात माहीत असतातच, २४ अक्षरांचा तक्ता समोर ठेवला तर आठवीतलं पोरगं नाण्याच्या मोठ्या फोटोवरून दोन-चार अक्षरं नक्की ओळखतं. मी बघितलंय.

सावली_मोजणारा

तुम्ही सगळे इतिहासवाले, मी विज्ञानवाला. मुलांना ग्रीस करून बघू द्या!!

एराटोस्थेनिस, ख्रि.पू. तिसरं शतक, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख. त्याला माहीत होतं की दक्षिणेला सायीनी गावात, म्हणजे आजचं आस्वान, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पडत नाही. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, तो कोन त्याने मोजला तर वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश. दोन गावांतलं अंतर ५००० स्टेडिया (त्या काळचं अंतराचं माप). गुणिले पन्नास, झाला पृथ्वीचा परीघ. एक काठी आणि डोकं, बस.

आता आपल्याकडे याची सोय अशी की महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो, पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला आणि परत जुलैच्या शेवटी. जुलैत ढग असतात म्हणून मे पकडा. त्याच दिवशी दिल्लीतल्या कुणा नातेवाइकाला फोन करून सांगा की उभ्या काठीची दुपारची सगळ्यात छोटी सावली मोज. घड्याळातले बारा नव्हे, सावली सगळ्यात छोटी होते ती वेळ, यात सगळे फसतात. काठीची उंची आणि सावलीची लांबी यावरून कोन काढायचा, पुण्यात शून्य सावली तर दिल्लीत साधारण १० अंश येतो. अंतर घेताना रस्त्याचं किंवा विमानाचं नाही घ्यायचं, सरळ उत्तर-दक्षिण घ्यायचं, ते साधारण ११२० किमी. गणित केलं की उत्तर ४०,००० किमीच्या जवळपास येतं, आणि खरा परीघ तेवढाच आहे. दहावीच्या आतली मुलं फोनवर गणित करून पृथ्वी मोजतात, यापेक्षा एराटोस्थेनिसची चांगली ओळख कुठली?

अजून एक म्हणजे अँटिकिथेराचं यंत्र. १९०० साली स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना बुडालेलं जहाज सापडलं, त्यातून वर आलेल्या गंजलेल्या गोळ्यात ब्राँझची दातेरी चाकं निघाली, ३० चाकं अजून शिल्लक आहेत. सूर्यचंद्राच्या जागा आणि ग्रहणं सांगणारं हाताने फिरवायचं यंत्र. ज्या मुलाला खेळणी उघडून बघायची सवय आहे त्याला हे दाखवा.

चौदावं_वरीस

नमस्कार, मी नववीत आहे, आईच्या परवानगीने लिहितोय. मला देवांच्या गोष्टी फार आवडत नाहीत पण लिनिअर बी (ग्रीसमधली फार जुनी लिपी) भारी आवडतं, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. क्रीटमध्ये नॉसॉसला आणि नंतर ग्रीसमध्ये पायलॉसला मातीच्या पाट्या सापडल्या होत्या, लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. १९३६ मध्ये लंडनला नॉसॉसचं उत्खनन करणारे आर्थर इव्हान्स त्यावर बोलत होते आणि ऐकायला शाळेची मुलं आली होती, त्यात मायकेल व्हेंट्रिस होता, १४ वर्षांचा, म्हणजे माझ्याएवढा. तो पुढे आर्किटेक्ट झाला पण हे कोडं सोडलं नाही आणि १९५२ मध्ये त्याने ते फोडलं. त्याला स्वतःलाच वाटत नव्हतं की ती भाषा ग्रीक निघेल.

पण मला जास्त ग्रेट वाटते ॲलिस कोबर. ती न्यूयॉर्कला कॉलेजात शिकवायची आणि युद्धात कागद मिळत नव्हता म्हणून जुन्या ग्रीटिंग कार्डच्या मागे वगैरे नोंदी करून सिगरेटच्या खोक्यांत ठेवायची, अशी लाखाच्या वर कार्डं. तिने शोधलं की शब्दांचे शेवट ठरावीक पद्धतीने बदलतात. ती १९५० मध्येच वारली, उत्तर बघायला मिळालं नाही तिला.

लहान मुलांना पायलॉसची तिवईवाल्या भांड्यांची पाटी दाखवा. त्यात शब्दाच्या पुढे भांड्याची छोटी चित्रं आहेत, एकाला चार कान, एकाला तीन, एकाला कानच नाही. व्हेंट्रिसच्या किल्लीने शब्द वाचला की बरोबर "चार कानांचं", "तीन कानांचं", "बिनकानाचं" असं येतं. त्यामुळेच लोकांचा विश्वास बसला. मी माझ्या बहिणीला (वय ९) फक्त चित्रं दाखवून शब्द जुळवायला दिले, तिने जुळवले.

निंबोणी

@चौदावं_वरीस, किती छान लिहिलंस. पाटी पुढच्या रविवारी नेतेच, आणि तू कुठे राहतोस माहीत नाही पण कट्ट्यावर ऑनलाइन येऊन सांगशील का, आईला विचार.

थेम्सकाठची

मी लंडनला असते, दोन मुलं, १० आणि १३. ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाची शिल्पं आहेत तिथे सुट्टीत आमच्या चकरा होतात. मुलांना दोन गोष्टी फार भिडल्या.

एक म्हणजे हे सगळं रंगवलेलं होतं. पांढराशुभ्र संगमरवर ही आपल्या डोळ्याची सवय, मुळात निळा, लाल, सोनेरी असे रंग होते, दगडावर त्याचे कण अजून सापडतात आणि अभ्यासकांनी त्यावरून रंगीत प्रतिकृती केल्या आहेत. मी मुलांना पुतळ्यांच्या रेषाचित्रांच्या झेरॉक्स दिल्या आणि म्हटलं रंगवा. धाकटीने घोड्यांच्या आयाळी रंगवल्या. मग खऱ्या रंगीत प्रतिकृतीचे फोटो दाखवले तेव्हा तिला वाटलं हे तर देवळातल्यासारखं दिसतंय. निंबोणी, तुमच्या कट्ट्यावर हे नक्की करा, खर्च शून्य.

दुसरं म्हणजे ही शिल्पं इथे का आहेत. मोठ्याला हे सरळ सांगितलं. देऊळ ख्रि.पू. ४४७ ते ४३२ मध्ये बांधलं, नंतर चर्च झालं, मशीद झाली, १६८७ ला तुर्कांनी आत दारूगोळा ठेवला होता आणि व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडून मधला भाग उडाला. मग १८०१ पासून लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी उरलेल्यातली बरीच शिल्पं उतरवून इकडे आणली, ग्रीस तेव्हा ऑटोमन सत्तेखाली होता, १८१६ ला ब्रिटिश सरकारने ती विकत घेतली. अथेन्समध्ये २००९ ला नवीन ॲक्रोपोलिस संग्रहालय उघडलं, वरच्या मजल्यावर त्यांच्याकडचे मूळ तुकडे आणि लंडनच्या तुकड्यांच्या जागी प्लॅस्टरचे ठसे लावून पट्टा पूर्ण केलाय, खिडकीतून समोर पार्थेनॉन दिसतं. १३ वर्षांच्या मुलाने विचारलं की मग परत का देत नाहीत. आमच्या घरात यावर अजून वाद चालू आहे, माझं मत परत द्यावीत असंच आहे.

शाळामास्तर

एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. "अथेन्सने जगाला लोकशाही दिली" हे वाक्य मुलांना देऊन पुढे जाणं मला चालत नाही. मतदान फक्त पुरुष नागरिकांना. बायका नाही, गुलाम नाही, बाहेरून येऊन राहिलेले नाहीत, मग ते पिढ्यानपिढ्या राहिलेले असले तरी. शाळेत मुलाला पोचवायला जो माणूस जायचा तो गुलाम. ओडिसीच्या शेवटीही ओडिसियस घरी आल्यावर बारा दासींना फासावर चढवलं जातं. बालआवृत्तीत हे नसतंच, आणि दहा वर्षांच्या मुलांसाठी नसावंही, पण नववी-दहावीच्या मुलांसमोर मी ते ठेवतो आणि विचारतो की त्या मुलींकडे नाही म्हणायची सोय होती का. तास संपला तरी मुलं उठत नाहीत.

लहानांना रोजचं जगणं दाखवा. अथेन्सच्या अगोरा (जुना बाजारचौक) संग्रहालयात बाळाची मातीची शी-शूची खुर्ची आहे, पाय बाहेर काढायला भोक असलेली, आणि अशा खुर्चीत बसलेल्या बाळाचं चित्र एका भांड्यावर आहे. चाकांचे मातीचे घोडे आहेत, मेंढीच्या घोट्याच्या हाडांचे फासे आहेत. वर निंबोणींना त्या मुलीने अथेन्स खरं आहे का विचारलं ना, तिला ही खुर्ची दाखवा.

भटकंती_चालू

उशिरा आले धाग्यावर. सगळं वाचलं, फार आवडलं, पण एक तक्रार आहे. तुमचा सगळ्यांचा ग्रीस रोमन आले की संपतो. तिथे आज एक कोटीच्या वर लोक राहतात, त्यांचं काय? मी ईस्टरला क्रीटमध्ये होते, शनिवारी मध्यरात्री चर्चबाहेर अंधारात सगळं गाव उभं असतं, आतून एक ज्योत येते आणि एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची पेटत जाते, लहान मुलं ज्योत विझू न देता घरी न्यायची धडपड करत असतात. दुसऱ्या दिवशी लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटायची, ज्याचं फुटलं नाही तो जिंकला. मुलांना हे सांगा की, हे पण ग्रीसच.

कारागियोझिस म्हणून त्यांचा सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ आहे, कुबड असलेला, नेहमी भुकेला, लांब हाताचा गरीब माणूस, जो साहेबांना शेंडी लावतो. तो मुळात तुर्कांकडून आलेला खेळ, ग्रीकांनी आपला केला. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करतात, तो बघितलेल्या मुलांना कारागियोझिसचा व्हिडिओ दाखवून बघा, पडद्यामागे काय चाललं असेल ते तीच सांगतील.

मोठ्या मुलांना १८२१ चा उठाव सांगा, चारेकशे वर्षांच्या ऑटोमन सत्तेनंतर ग्रीक लोक उठले. आणि १९२३ सांगा, ग्रीस आणि तुर्कस्तानने धर्मावरून लोकांची अदलाबदल केली, तुर्कस्तानातून दहा लाखांहून जास्त ऑर्थोडॉक्स ग्रीसमध्ये आले, ग्रीसमधून काही लाख मुसलमान तिकडे गेले, कित्येकांना जिथे पाठवलं तिथली भाषाही येत नव्हती. फाळणीबद्दल घरी ऐकलेल्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

आणि दिमित्रिओस गालानोस! अथेन्समध्ये जन्मलेला हा माणूस १७८६ ला कलकत्त्याला आला, तिथल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला. पुढे काशीला जाऊन राहिला, पंडितांकडे संस्कृत शिकला, गीतेचं ग्रीकमध्ये भाषांतर केलं, १८३३ ला काशीतच वारला, कबर तिथेच आहे. अलेक्झांडर सगळ्यांना माहीत असतो, हा कुणालाच माहीत नसतो. मला विचाराल तर मुलांना आधी गालानोस सांगावा.

निंबोणी

@भटकंती_चालू, तक्रार शंभर टक्के मान्य. शेवटचे दोन रविवार आजच्या ग्रीसचेच ठेवते. गालानोसवर मुलांकडून एक छोटं नाटुकलं करून घ्यावं असं डोक्यात आलंय.

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. लिनिअर बीची पाटी आधी, मग टेलेमॅकसपासून ओडिसीचं मोठ्याने वाचन, ते दर रविवारी वीसेक मिनिटं चालूच राहील. मधे रंगवायचा रविवार. कार्ल्याची सहल पावसाळा संपला की. शून्य सावली मेमध्ये, माझा भाऊ दिल्लीत आहे, त्याला काठी घेऊन गच्चीवर उभं करते.

लोकशाहीच्या रविवारी खापरांवरचं मतदान घ्यायचा विचार आहे. अथेन्समध्ये वर्षातून एकदा लोक फुटक्या खापरावर नाव कोरून एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर पाठवू शकायचे, किमान ६००० मतं पडावी लागत. ॲक्रोपोलिस टेकडीच्या उताराजवळच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लिसच्या नावाची १९० खापरं सापडली आणि अक्षर तपासलं तर ती फक्त १४ जणांनी लिहिलेली, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून वाटायला ठेवली होती! मी अशी काही खापरं एकाच अक्षरात आधी लिहून ढिगात मिसळणार आणि मुलांना ती पकडता येतात का बघणार. नर्सरीवाल्याकडून फुटक्या कुंड्या मिळतील, कडा घासून घ्याव्या लागतील.

तळ्याकाठी

कल्पना छान आहे पण मुलांना एकमेकांची नावं लिहायला लावू नका हं. गंमत म्हणून सुरू होतं आणि एखादं मूल घरी जाऊन रडतं.

निंबोणी

नाही नाही, मुलांची नावं अजिबात नाहीत. ओडिसीतली पात्रं ठेवते, त्यातलं कुणाला ओडिसियसच्या इथाका बेटाबाहेर पाठवायचं ते ठरवायचं. आधी दोन्ही बाजूंनी भाषणं, मग मतदान. आणि पहिल्या फेरीत फक्त मुलगे मत देतील, मुली बाजूला बसतील, दुसऱ्या फेरीत सगळे. दोन्ही निकाल फळ्यावर शेजारीशेजारी लिहायचे. मुली भडकणार आहेत, त्यांना बोलायला अर्धा तास राखून ठेवलाय.

शाळामास्तर

अर्धा तास पुरणार नाही. पाऊण ठेवा. आणि पहिल्या फेरीत मुलग्यांपैकीही काही जणांना चिठ्ठ्या टाकून गुलाम आणि परदेशी करा, नाहीतर मुलगे सुटतील.